कुमुदताई आणि भरतीखालचं शहर

फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. पॅथॉलॉजीत आयुष्य काढलेल्या बाईला मरणाची बातमी नवी नसते. फरक इतकाच, की आमच्याकडे ती काचेच्या पट्टीवरून येते आणि तिला नाव नसतं, नंबर असतो. "मावशी, आई गेली," कुमुदताईंची लेक अंजू म्हणाली. सकाळी चहा घेऊन ती वर गेली, तर कुमुदताई कुशीवर झोपलेल्या, हाक मारली तरी उठेनात. "येतेच" म्हणून मी फोन ठेवणार, तोच तिने विचारलं, "मावशी, साडी कुठली नेसवायची? शैलाकाकू म्हणतात, ग्रीनच पाहिजे. आई सवाष्ण ना... आय मीन, टेक्निकली." त्या 'टेक्निकली'पाशी मी क्षणभर अडखळले. मग म्हटलं, "हिरवी नेसव."

फ्युनरल होमच्या मॅनेजरने अतिशय नम्रपणे विचारलं, की कपाळावरचा तो लाल रंग ओघळणार तर नाही ना, नाहीतर त्यांच्याकडे मेकअप करणारी बाई आहे. आमच्या मराठी मंडळातल्या शैलाने त्याला हाताने बाजूला सारलं आणि स्वतः कुंकू लावलं, चांगलं रुपयाएवढं. सुपरमार्केटातला नारळ, शिकागोहून कुणीतरी आणलेला खण, कुणाच्या तरी बागेतली शेवंतीची फुलं अशी ओटी भरली गेली. मॅसॅच्युसेट्सच्या श्रूजबरी आणि वूस्टर गावांतल्या झाडून साऱ्या मराठी बायका आल्या होत्या. "किती भाग्याच्या, अहेव गेल्या," असं एक म्हणायची आणि दुसरी डोळे पुसायची. मी दाराशी उभी होते. ओटी भरायला मला कुणी बोलावलं नाही आणि मीही पुढे झाले नाही. माझा नवरा जाऊन आता दशक होत आलं, कुठे उभं राहायचं ते मला पाठ आहे.

कुमुदताई मूळच्या गोव्याच्या, पण जन्मल्या आणि वाढल्या आफ्रिकेत, मोझांबिकमधल्या बैरा नावाच्या बंदरात. आमच्या मंडळात पुणेकर, मुंबईकर, नागपूरकर अशी सरळ माणसं. त्यांनी "तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं विचारलं की कुमुदताई "बैराची" म्हणायच्या, आणि समोरची बाई रत्नागिरीच्या बाजूचं एखादं खेडं असेल अशा समजुतीने मान डोलवायची. त्यांचं मराठी पोथ्या वाचून आलेलं होतं, त्यामुळे ते आमच्यापेक्षा शुद्ध. राग आला की त्या कोकणीत बोलायच्या आणि पैसे मोजायच्या पोर्तुगीजमध्ये. अंगाने काटकुळ्या, उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, बोटं तर लहान मुलीसारखी बारीक. लेकीच्या घरी आल्या तेव्हा एक सुटकेस आणि एक काळ्या लाकडाचा कुंकवाचा करंडा एवढंच त्यांच्याजवळ होतं. मागे राहिलेलं शहर मात्र त्यांनी अख्खंच्या अख्खं तोंडात भरून आणलं होतं.

त्या शहराबद्दल मी इतकं ऐकलंय, की डोळे मिटून तिथे चालू शकेन. दोन नद्यांच्या मुखाशी, खाडीच्या चिखलात आणि वाळूत ते उभं राहिलं. पोर्तुगीजांनी आधी नुसता लष्करी तळ टाकला, मग तो मुलूखच एका कंपनीला चालवायला देऊन टाकला. पन्नासेक वर्षं तिथे राज्य होतं ते कंपनीचं. तिकिटं कंपनीची, नाणी कंपनीची, पोलीस कंपनीचे. कुमुदताईंचे वडील याच कंपनीत कारकून होऊन गोव्याहून आले. रस्ते म्हणजे घोट्यापर्यंत वाळू, घोडा चालेना की गाडी चालेना, म्हणून रस्त्यांमधून बारके रूळ टाकलेले. प्रत्येक साहेबाची त्या रुळांवरून धावणारी एक छोटी ढकलगाडी. वर छत्री धरून साहेब बसायचा आणि मागून दोन काळी माणसं पळत ढकलायची. "आमचे बाबाही बसत," त्या मला सांगायच्या. "सुधाबाय, साहेब नव्हतो आम्ही, पण ढकलणारेही नव्हतो. मधली माणसं. मधल्या माणसाला बसायला मिळतं आणि बसल्याची लाजही वाटते." घरं पत्र्याची, खांबांवर उचललेली. कारण खालून पाणी, वरून पाऊस आणि मध्ये हिवतापाचे डास. बैरा या शब्दाचा अर्थच मुळी काठ. शहराचा सगळा पैसा आत दूरवर, ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, जाणाऱ्या रेल्वेवर. माल त्यांचा, खाणी त्यांच्या, सुट्टीत समुद्रावर लोळायला येणारे गोरेही त्यांचेच. बैराने नुसतं दार उघडायचं आणि दार लावायचं.

पण त्यांची आवडती गोष्ट पाण्याची होती. बैराची भरती फार मोठी. भरतीच्या वेळी समुद्र शहरातल्या कित्येक रस्त्यांहून उंच उभा असतो, असं त्या सांगायच्या. मधे भिंत असते, पाणी सोडायला दारं असतात, म्हणून माणसं खाली कोरडी झोपतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "मग भीती नाही वाटायची?" तर म्हणाल्या, "भिंतीकडे बघतच नाही कोण. भिंत आहे, एवढं पुरे. तिच्यावर बसून मुली शेंगदाणे खातात." त्यांचे यजमान दामोदर बंदराच्या कचेरीत होते. कुठलं जहाज कुठल्या भरतीवर आत घ्यायचं ते ठरवण्याचं त्यांचं काम. त्यामुळे घरातली जेवणंही भरती-ओहोटीच्या हिशोबाने व्हायची. माणूस शिस्तीचा, कमी बोलणारा, रविवारी लाल-पांढऱ्या दीपगृहापर्यंत चालत जाणारा. तिथे वाळूत एक जुनं जहाज गंजत पडलेलं असे. त्याच्या सावलीत बसून ते दोघं घरून नेलेली भजी खायचे, म्हणे.

गोवा मुक्त झालं तेव्हा आम्ही नागपुरात शाळेला सुट्टी मिळाली म्हणून खूश होतो. बैरात त्याच दिवसांत हिंदुस्थानी पासपोर्टवाल्यांची दुकानं सील झाली आणि माणसं छावण्यांत नेली गेली. कुमुदताईंच्या शेजारचा गुजराती कापडवाला, त्याची बायको आणि म्हातारी आई ट्रकमध्ये बसली. दामोदर गोव्याचे, कागदावर पोर्तुगीज, म्हणून त्यांना कुणी हात लावला नाही. ते वरच्या सज्जात उभे होते. कापडवाल्याने एकदा वर पाहिलं, आणि हे आत आले... "त्या दिवसानंतर ह्यांचं जेवण अर्धं झालं," एवढंच कुमुदताई म्हणायच्या. पुढे मोझांबिक स्वतंत्र झालं आणि पोर्तुगीज पळत सुटले तेव्हा काहींनी जाताना नळांच्या पाइपांत सिमेंट ओतलं, गाड्या समुद्रात ढकलल्या. आपल्याला नको ते दुसऱ्यालाही नको. दामोदरांनी बायकोला पुढे धाडलं. मुलगी आधीच शिकायला अमेरिकेत होती. स्वतः मात्र राहिले. बंदरातल्या काळ्या सहकाऱ्यांना काम शिकवायला कुणी उरलं नव्हतं आणि ते म्हणाले, "एकदा सज्जातून आत गेलो. आता नाही जात. सहा महिन्यांत येतो." सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. पत्रं यायची, विरळ होत गेली आणि मग बंद झाली. ऱ्होडेशियाची सरहद्द बंद झाली, बंदर ओस पडलं, आतल्या मुलखात यादवी सुरू झाली, रेल्वे उडवली जाऊ लागली. जो हॉटेलचा महाल बघायला लोक लांबून यायचे, त्याच्या पोहण्याच्या तलावात आता निर्वासित कपडे धुतात, असं कुणीतरी सांगितलं. कुमुदताईंनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी तरी आहे का त्यात?"

माझा नवरा गेला त्यानंतरच्या संक्रांतीला हळदीकुंकू शैलाच्या बेसमेंटमध्ये होतं. बाहेर गुडघाभर बर्फ, आत हीटर आणि पैठण्या. मी गेले, कारण न गेले तर त्याचीही चर्चा झाली असती. शैलाने मला दारातच जवळ घेतलं आणि म्हणाली, "सुधा, यू डोन्ट माइंड ना? किचनमध्ये कोणीतरी हवंय यार, आणि तू सगळ्यात फास्ट आहेस." मी हिस्टॉलॉजीत टिश्यूचे पापुद्रे कापते, त्यामुळे फळं मला बरी कापता येतात, हे खरंच आहे. मी टोपलीभर सफरचंदं कापली. बाहेर बायका एकमेकींना कुंकू लावत होत्या, वाणं लुटत होत्या, उखाणे घेत होत्या. सगळ्यांत वडील सवाष्ण म्हणून पहिला मान कुमुदताईंचा. त्यांनी दामोदरांचं नाव उखाण्यात घेतलं आणि टाळ्या पडल्या. एकदा पाणी प्यायला म्हणून त्या आत आल्या. माझ्याकडे पाहिलं, कापलेल्या सफरचंदांकडे पाहिलं, पाणी न पिताच परत गेल्या. मला त्यांचा राग आला होता, हे सांगून टाकते. ज्याचा पत्ता नाही अशा नवऱ्याच्या नावावर टाळ्या घेणारी बाई बाहेर, आणि ज्याला मी माझ्या हातांनी पोचवलं त्याची बायको सिंकपाशी.

तरी त्याच वर्षी बर्फ वितळल्यावर मीच त्यांना न्यू बेडफर्डला घेऊन गेले. आमच्या लॅबमधली एक टेक्निशियन तिकडची. न्यू बेडफर्ड आणि फॉल रिव्हर म्हणजे पोर्तुगीजांची गावं, मासेमारीची. तिने सांगितलं, की तिथे एका बेकरीवाल्याचं आधीचं दुकान मोझांबिकमध्ये होतं. कुमुदताईंना विचारलं, तर त्या उभ्या होत्या तिथेच बसल्या. "आल्बेर्तो? स्टेशनासमोरचा?" आमच्या गावातून जाणारा एकशेचाळीस नंबरचा रस्ता वळणं घेत घेत थेट न्यू बेडफर्डला पोचतो. ड्राइव्ह करायला मला आवडतं आणि घरी तरी माझी वाट पाहणारं कोण होतं. बेकरीच्या दारात मी त्यांना उतरवलं, गाडी लावून मीटरमध्ये नाणी टाकायला गेले. परत आले तेव्हा कुमुदताई पिठाच्या पोत्याशेजारी खुर्चीत बसलेल्या, हातात पाण्याचा ग्लास, चेहरा पिठासारखा पांढरा. समोर एक जाडजूड म्हातारा टोपी हातात धरून उभा. मला पाहताच तो पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हणाला. मला त्यातलं एकच कळलं, बैरा. "सुधाबाय," कुमुदताई म्हणाल्या, "ह्यांना पाहिलंय. आल्बेर्तोच्या चुलतभावाने. बंदराच्या फाटकाशी. बारीक झालेत, पण बरे आहेत." आनंदानेही माणूस पांढरं पडतं, असं मला वाटलं. मी डॉक्टर आहे, पण जिवंत माणसांची नव्हे.

परतीच्या वाटेवर त्यांनी समुद्र बघायचा हट्ट धरला. मी धक्क्याशी गाडी थांबवली. त्या पर्समधून एक स्टीलची डबी काढून एकट्याच खडकांवरून खाली गेल्या. वारा बोचरा होता, मी काच वर करून बसले. काळ्या तिळांची ती डबी त्यांच्या पर्समध्ये आधीपासूनच असायची. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाल्या, "हाडांना बरे." कॅल्शियम खरंच असतं तिळात, म्हणून मी त्यावर आणखी काही बोलले नाही.

तेव्हापासून वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानं गळताना, आमची ही वारी ठरून गेली. दर वेळी आल्बेर्तोकडे काहीतरी असायचं. कुणीतरी लिस्बनला आलं, त्याने सांगितलं. कुणाचा भाऊ जहाजावर होता, त्याने पाहिलं. दामोदर रांगेत उभे होते मक्याच्या पिठासाठी. दामोदरांच्या घराचा जिना मोडलाय. दामोदरांनी दाढी वाढवलीय. मग दर वेळी खडकांवर जाऊन यायचं, आणि मग गाडीत गोड पाव खात, हनुवटीवर साखर सांडत, त्या मला बैराच्या आणखी एका गल्लीतून फिरवून आणायच्या. त्या गाडीत मी सुखी असायचे. पांढऱ्या कोटाशिवाय, कुणाच्या दयेशिवाय, एका बडबड्या म्हातारीबरोबर कधीही न पाहिलेल्या गावात. त्या माझ्या नवऱ्याबद्दल विचारायच्या, नुसतं नाव घेऊन, जणू तो संध्याकाळी घरी भेटणार आहे. दुसरं कुणीच तसं विचारत नव्हतं.

घरी मात्र या बातम्यांवरून माय-लेकींचं वाजायचं. आपल्यात हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहतात. त्यानंतर पळसाच्या पानांचा किंवा दर्भाचा पुतळा करायचा, त्याला दहन द्यायचं आणि मग पुढचे दिवस करायचे. बाई त्या दिवशी कुंकू पुसते. अंजूने गोव्याच्या भटजींना फोनवर विचारलं होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये पळस कुठून आणायचा, तर ते म्हणाले दर्भ चालेल, दर्भ नसेल तर स्वच्छ जागेतलं कुठलंही गवत. पण बारा वर्षं मोजायची शेवटची बातमी आली तिथपासून. "आई, प्लीज," अंजू म्हणायची, "बाबांचं शेवटचं लेटर कधीचं आहे बघ ना. त्यांना शांती नको?" आणि कुमुदताई शांतपणे वाटाणे सोलत म्हणायच्या, "लेटर जुनं असेल. पण गेल्या ऑक्टोबरात त्यांना पाहिलंय ना? तिथून मोज." अंजू स्वयंपाकघरातून बाहेर यायची आणि मला हळूच विचारायची, "मावशी, ही बेकरीवाली न्यूज खरी आहे का? तू असतेस तिथे." मी खरं तेच सांगायचे, की मला पोर्तुगीज येत नाही. अंजू वाईट मुलगी नाही. वडिलांना घशात अडकलेल्या घासासारखं घेऊन जगणं तिला झेपत नव्हतं, इतकंच.

मधल्या एका संक्रांतीला... किचनमधली माझी जागा तोवर इतकी पक्की झाली होती, की शैला विचारतही नव्हती. मी तिळगुळाच्या पुड्या बांधत होते. बाहेर नेहमीप्रमाणे पहिला मान कुमुदताईंचा झाला आणि बघते तर त्या स्वतःचा काळा करंडा हातात घेऊन किचनमध्ये आल्या. मागे दार ओढून घेतलं. मला काही कळायच्या आत त्यांनी बोट बुडवलं आणि माझ्या कपाळावर टेकवलं. मी पेपर टॉवेल ओढला आणि त्यांच्या देखतच पुसून टाकलं. "मला कुणाची दया नको, कुमुदताई. तुमचं तुमच्यापाशी ठेवा," असं म्हटल्याचं आठवतं. त्या रागावल्या नाहीत. "पुस हवं तर. मी लावलं ते लावलं," म्हणाल्या. मग माझा हात धरून, "आपण दोघी गो..." एवढं बोलल्या आणि थांबल्या. बाहेरून कुणीतरी उखाण्यासाठी हाक मारली. त्या पदर सारखा करून गेल्या. मी पुड्या बांधत राहिले आणि मनात म्हटलं, जिचं भरलेलं असतं तिला वाटायला सोपं जातं.

त्या गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी मी एकटीच न्यू बेडफर्डला गेले. आल्बेर्तोला कुणीतरी सांगायला हवं होतं. रस्ता तोच, पण गाडीत इतकी शांतता, की ब्लिंकरचा आवाज मोठा वाटला. मला एकटीला पाहून त्याला कळलंच. त्याने टोपी काढली, क्रूस केला, मला आत बसवून कॉफी ठेवली. "आता ती दोघं भेटली असतील," तो त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला. मी म्हटलं, "दोघं? दामोदर तर..." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी ओळखलं.

त्याने पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं. मी मीटरमध्ये नाणी टाकत होते, तेवढ्या वेळात. पत्रं बंद झाली त्या पावसाळ्यात दामोदर तापाने गेले. शहरात औषध नव्हतं. दहन करायला आपलं कुणी उरलं नव्हतं, लाकूडही नव्हतं. बंदरातल्या माणसांनी मालाच्या खोक्यांच्या फळ्यांची पेटी केली आणि स्मशानाच्या कडेला वाळूत पुरलं. खड्ड्यात सारखं पाणी येत होतं. आल्बेर्तोच्या चुलतभावाने पेटीला खांदा दिला होता, म्हणून त्याला माहीत. ते ऐकून कुमुदताई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, खांदा द्यायला किती जण होते, आणि पाणी मागितलं. तेवढ्यात काचेतून मी येताना दिसले. "मग त्या घाईघाईने म्हणाल्या," आल्बेर्तो सांगत होता, "'डॉक्टर येतेय. तिच्यासमोर म्हण, पाहिलं.' मी म्हटलं, सेन्योरा, हे पाप आहे. त्या म्हणाल्या, 'तू म्हण. पाप माझं.'" त्यानंतर दर वेळी तो एक नवी बातमी बनवून ठेवायचा. दाढी त्यानेच वाढवली आणि जिना त्यानेच मोडला. "एकदा मी विचारलं, हे कशासाठी, किती वर्षं? तर म्हणाल्या, 'आल्बेर्तो, तिथे डॉक्टरला किचनमध्ये बसवतात.' मला त्याचा अर्थ कधी कळला नाही. तुम्हाला कळतो का?"

मी कॉफी संपवली. काहीतरी विकत घेतलं पाहिजे म्हणून गोड पाव घेतला. गाडीत बसले आणि किल्ली फिरवता येईना. मला राग आला होता, खराखुरा, दात आवळावेत असा. तिने माझी जागा पाहिली आणि ठरवलं, की आपण तिथे बसायचं नाही. त्यासाठी माझेच डोळे साक्षीला वापरले, माझीच गाडी वापरली. ज्या माणसाच्या भरती-ओहोटीवर तिने जेवणं लावली, त्याला वाळूत, विधीवाचून ठेवलं, आणि इथे त्याच्या नावावर उखाणे घेतले... मग मी धक्क्याकडे पाहिलं. खडक तेच. आणि एकदम ती स्टीलची डबी आठवली. काळे तीळ. बाईमाणसाने तर्पण करायचं नसतं, म्हणून ती माझ्याकडे पाठ करून, वाऱ्यात एकटी, वर्षातून दोनदा त्या माणसाला पाणी देत होती. घरी गेल्यावर कपाळावर कुंकू ठेवून वाटाणे सोलायला बसत होती. माझा राग गेला असं नाही. पण त्याला बसायला जागा उरली नाही. मी तिथेच, एका अनोळखी गावाच्या पार्किंग लॉटमध्ये, माझ्या नवऱ्याच्या वेळीही रडले नव्हते इतकी रडले.

आणि मग किचन आठवलं. आपण दोघी गो. मला वाटत होतं, एक सवाष्ण एका विधवेला आपल्यातलं चिमूटभर देते आहे. देणारी कोण होती, ते मला आत्ता कळत होतं.

हे अंजूला सांगायचं की नाही, हे ठरवायला मला बरेच दिवस लागले. ती आईच्या पश्चातही शेवटच्या 'बातमी'पासून मोजत होती. म्हणजे आणखी बारा वर्षं बाप हरवलेलाच राहणार होता. सांगावं, तर हिरव्या साडीत गेलेली तिची आई... टेक्निकली... मी सांगितलं. आई लपवत असे तो तिचा हक्क होता, माझा नाही, आणि वाळूतल्या त्या माणसाला मुलगी होती. अंजू जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकत राहिली. बापाच्या पेटीत पाणी शिरत होतं, हे ऐकताना तिने तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "मला सांगायला काय झालं होतं तिला? आय वुड हॅव अंडरस्टूड." मी म्हटलं, "तू समजून घेतलं असतंस गं. पण बेसमेंटमधल्या बायकांनी तिला सफरचंदं कापायला बसवलं असतं. आणि तू काही म्हणाली नसतीस." अंजू त्या बेसमेंटमध्ये दर वर्षी होती. मग उठून तिने भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत कुंकू ठसठशीत आहे. "हे असंच राहू दे," म्हणाली.

विधी आम्ही न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर केला. भटजी नव्हते. आल्बेर्तो काळा कोट घालून आला आणि लांब उभा राहिला. ओहोटी होती. अंजूने डबीतले उरलेले तीळ हातावर घेतले आणि ओंजळीने पाणी सोडलं, बापाला आणि मग आईला. काय म्हणायचं ते तिला येत नव्हतं आणि मलाही नाही. "बाबा, आई इतकी वर्षं पाणी अडवून बैराच्या भिंतीवर बसली होती," असं ती काहीतरी मराठी-इंग्रजीत पुटपुटली. मग वारा फार सुटला आणि आम्ही निघालो.

गाडीत बसताना तिने माझ्या मांडीवर एक पुडकं ठेवलं. "हे तुझं. आईने सांगून ठेवलं होतं, तेव्हा मला कळलं नव्हतं का ते." काळ्या लाकडाचा करंडा. आता तो माझ्या बाथरूमच्या आरशाखाली असतो, टूथब्रशच्या ग्लासाशेजारी. झाकण उघडलं की कुंकवात तिच्या बोटाने पडलेला खळगा अजून तसाच दिसतो. माझं बोट जाड आहे, तिथे मावत नाही. तरी रोज सकाळी लॅबला निघताना मी ते तिथेच टेकवते, कपाळाला लावते आणि पुसत नाही.